आपसी बदली

शांत रस्ता म्हणे! परवा नाशिकहून चार-पाच पोरं आली होती सायकली घेऊन. डोक्याला ती टोपडी, अंगाला चिकटलेले कपडे आणि सायकली अशा हलक्या की एका हाताने उचलाव्यात. माझ्या ओट्यावर पाणी प्यायला थांबली. एक जण म्हणाला, ‘काकू, काय मस्त रस्ता आहे हो तुमच्याकडे! सगळ्या जलाशयाला चक्कर मारली, एक गाडी आडवी आली नाही. माणूससुद्धा दिसलं नाही.’ मी म्हटलं, ‘मलाही नाही दिसलं बऱ्याच दिवसांत.’ पोरं हसली. काकू गमतीशीर आहेत असं वाटलं असेल त्यांना. बाटल्या भरून घेतल्या आणि गेली.

ती गेली, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. अरे, तुम्ही वर्षातून एक रविवार चक्कर मारता आणि शांत म्हणता. मी त्या रस्त्यावर दहा-अकरा वर्षं रोज सायकल हाणली आहे, जाऊन-येऊन. तेव्हाही गाडी नव्हती, माणूस नव्हतं. पण तेव्हा कुणी त्याला शांत रस्ता म्हटलं असतं, तर मी वेड्यात काढलं असतं.

मी साधना. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सगळ्यांची बाई. गाव भोरवाडी, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याच्या अलीकडच्या थडीला. लग्न करून देवळ्याला गेले होते. त्यांना दुसरी हवी होती, ती त्यांनी आणली. मी माझी पेटी उचलली आणि एसटीत बसले. सोडचिठ्ठी त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. त्यामुळे गावात मी ना धड सवाष्ण, ना धड विधवा. संक्रांत आली की आळीतल्या बायकांची पंचाईत व्हायची, हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही. शेवटी वाण घरी पाठवून द्यायच्या, पोराच्या हातून. मीही ते घ्यायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. काय करता!

घरात मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, भिका. बोलणं कमी, हेका जास्त. डी.एड. आधीच झालेलं होतं, नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती पलीकडच्या थडीला, कोळथडीच्या शाळेत. समोर पाण्यापलीकडे शाळेचे पत्रे चमकताना दिसायचे, पण पाण्यावरून काय चालत जाता येतं? सगळा फेरा मारून जायचं. पाटाच्या कडेने मुरमाचा रस्ता, मग बाभळी, मग पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन. त्या गाळात लोक हरभरा, गहू पेरतात, गाळपेर म्हणतात त्याला. मग ओढ्यावरची दगडी फरशी आणि तिथून पलीकडची थडी. बस मोठ्या रस्त्याने, कांद्याचे ट्रॅक्टर मोठ्या रस्त्याने, उसाच्या गाड्या मोठ्या रस्त्याने. आमच्या रस्त्याला फक्त पक्षी. वनखात्याने पाटी लावली होती, ‘अभयारण्य, शांतता राखा’. मी म्हणायचे, अहो, मी तर घरी पण तेच करते.

एक लेडीज सायकल घेतली आणि जायला लागले. आणि पहिल्याच आठवड्यात फरशीजवळ समोरून एक सायकल आली.

कातकाडे सर. देवराम कातकाडे. मूळचे सिन्नरकडचे, पण भावाने कोळथडीला जमीन घेतली होती, म्हणून राहायला तिथे. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलं. जेवण भावजयीच्या हातचं. आणि नोकरी कुठे? तर भोरवाडीच्या शाळेत! म्हणजे माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागून जी शाळा, तिथे शिकवायला हा माणूस सगळं तळं वळसा घालून यायचा, आणि त्याच्या घरासमोरच्या शाळेत शिकवायला मी जायचे. पहिल्या दिवशी हे एकमेकांना सांगितलं तेव्हा दोघंही इतके हसलो की पाण्यातली बदकं उडाली. मला आठवतं, हसून झाल्यावर माझा गळा दुखत होता. सवयच राहिली नव्हती.

दोघं एकाच वेळी निघायचो, तेव्हा गाठ फरशीवरच पडायची. सकाळी घाई. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, तेवढ्यात बोलून घ्यायचं. संध्याकाळी जरा सवड. सायकली स्टँडवर लावायच्या, ते फरशीच्या त्या कडेला उभे, मी या कडेला. मधे एक बैलगाडी जाईल एवढं अंतर, आणि ते कधी कमी झालं नाही. बोलायचो काय? डोंबलाचं. वर्गात कोण रडलं, जनगणनेचं काम पुन्हा आपल्याच गळ्यात कसं पडलं, भावजयीच्या आमटीत मीठ कसं नसतं आणि बोललं तर दुसऱ्या दिवशी कसं दुप्पट असतं. ते पक्ष्यांची नावं सांगायचे, मी विसरायचे, ते पुन्हा सांगायचे. पाणी वर आलं की फरशी बुडायची, तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन पार व्हायचं. ते आधी माझी सायकल पार करायचे, मग स्वतःची. माझ्या हाताला कधी हात लागला नाही त्यांचा.

एकदा मला ताप आला, शाळेला गेले नाही. अप्पांना संध्याकाळी कळलं की मी घरीच होते. दुसऱ्या दिवशी फरशीवर पोचले तर सर आधीच येऊन थांबलेले. काही नाही, नुसतं म्हणाले, ‘काल?’ एवढंच. मी म्हटलं, ‘ताप होता.’ त्यांनी मान हलवली आणि सायकलवर बसले. पुढचा सगळा रस्ता मी रडत गेले. दुःखाने नाही हो! या जगात एक माणूस होता, ज्याला माझा एक दिवस कमी पडला होता.

तेवढंच होतं माझ्याकडे. लोकांकडे घरं असतात, मुलं असतात, सुना-जावयांची भांडणं असतात. माझ्याकडे तो रस्ता होता.

आणि तोही गेला. कुणी हिसकावला असता तर भांडले असते. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण तो काढून घेतला भलं करणाऱ्यांनी.

आमच्या भागातल्या शाळा बघणारे केंद्रप्रमुख नवीन आले होते. उत्साही माणूस. त्यांनी नकाशा बघितला आणि कपाळावर हात मारला. ‘अहो, या दोघांचं चाललंय काय? एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे! आपसी बदली करून टाका, दोघंही दारात नोकरी करतील.’ आपसी बदली म्हणजे दोघांनी मिळून अर्ज करायचा, मला त्याची जागा द्या आणि त्याला माझी. शिक्षक लोक अशा बदलीसाठी नवस बोलतात. जोडीदार मिळत नाही म्हणून जन्मभर लांबच्या खेड्यात कुजतात. आणि आमची जोडी तर सरकारने आधीच लावून ठेवलेली!

बदल्या होतात मे महिन्यात. मे महिन्यात शाळा बंद. शाळा बंद म्हणजे रस्ता बंद. हीच तर खरी मेख. सर आणि मी भेटणार कुठे, विचारणार कसं? केंद्रप्रमुख घरी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, ‘बाई, कातकाडे सर एका पायावर तयार आहेत. तुमची सही झाली की काम फत्ते.’

एका पायावर. म्हटलं, असेल बाई. इतकी वर्षं ऊन, वारा, चिखल. पुरुषमाणूस झाला तरी कंटाळणारच. मला वाटतं म्हणून त्यांना वाटलंच पाहिजे असं थोडंच आहे? आणि मी ‘नाही’ म्हणाले असते, तर कारण काय सांगणार होते? दारातली शाळा नको, सगळ्या तळ्याला वळसा घालून जायचंय, का? बोला ना, का? याला उत्तर एकच होतं आणि ते माझ्या तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

तरी मी म्हटलं, ‘विचार करून सांगते.’ पण अप्पा! जन्मात कधी कुणाच्या हातावर साखर न ठेवणारा माणूस, आतून उठला, पिशवी घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि सगळ्या आळीत वाटत सुटला. ‘माझी पोर घरी आली. माझी पोर घरी आली.’ डोळ्यांत पाणी त्यांच्या. देवळ्याहून परत आले होते तेव्हा हेच अप्पा माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. आता पेढे वाटले गेल्यावर नाही कसं म्हणायचं? सही केली. केंद्रप्रमुखांच्या हातावरही पेढा ठेवला मी, आणि ते तडक कोळथडीला गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. घंटा झाली की मी चपला घालायचे आणि पोचायचे. बायका म्हणायच्या, ‘बाई, नशीब काढलंत हो!’ सायकल पडवीत उभी. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन गरम जेवायचे आणि घास फिरत राहायचा तोंडात. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप पाटाकडे वळायचे, मग मी स्वतःवरच ओरडायचे, ‘कुठे चाललीस भवाने?’ वर्गात चिडचिड करायला लागले. पोरांना उगाच धपाटे घातले, ते सांगायला लाज वाटते. रात्री पाण्यावर बदकांचा कलकलाट चालायचा आणि मला वाटायचं, यांना तरी किती बोलायचं असतं एकमेकांशी.

दिवाळीनंतर निफाडला प्रशिक्षण होतं. तिथे सर दिसले. दुसऱ्या रांगेत. वाळले होते. चहाच्या सुट्टीत मी सरळ जाऊन समोर उभी राहिले. आजूबाजूला पन्नास शिक्षक बिस्किटं बुडवून खात होते, पण मला काही दिसत नव्हतं.

‘काय सर, एका पायावर तयार होतात म्हणे,’ मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. ‘मी? बाई, केंद्रप्रमुख म्हणाले तुम्ही एका पायावर तयार आहात. मी म्हटलं, बाईंना विचारतो आधी. ते म्हणाले, काय विचारता, त्यांच्याकडे पेढे वाटून झाले. हे बघा, मी स्वतः खाऊन आलोय, म्हणाले.’

‘पेढे अप्पांनी वाटले!’

‘मला काय माहीत,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, सुटलात तुम्ही एकदाच्या.’

‘मी काय तुरुंगात होते?’ माझा आवाज चढला. दोन-तीन माना वळल्या. सर इकडेतिकडे बघायला लागले. मी आवाज खाली आणला. ‘येत्या रविवारी फरशीवर या. संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला.’

‘कशासाठी?’

‘आधी कशासाठी येत होतात?’

‘शाळेसाठी,’ ते म्हणाले. अगदी खरं बोलले बिचारे. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘येतो.’

त्या रविवारपर्यंत मी कशी जगले ते मलाच माहीत. सायकलला तेल दिलं. टायरांत हवा भरून घेतली. थर्मासमध्ये चहा घेतला. इतक्या वर्षांत उभ्या उभ्याच बोललो होतो, कधी एकत्र घोटभर चहा नाही प्यायलो. म्हटलं, आज बसू. आज शाळा नाही, घाई नाही, अख्खी संध्याकाळ आपली आहे. अप्पांनी विचारलं, ‘कुठं चाललीस?’ मी म्हटलं, ‘सायकल फिरवायला.’ त्यांनी असं बघितलं, जसं काही मी म्हटलं, विमान उडवायला. खरंच, आमच्याकडे सायकल फिरवायला कोण जातं? सायकलवर माणूस कामाला जातो.

सर आले होते. सायकल स्टँडवर लावली नव्हती, हँडल धरून उभे होते. अंगात नवा स्वेटर. गाळपेरीत हरभरा वितभर वर आला होता आणि पलीकडे पाण्यात चमचे पक्षी चोची हलवत होते.

‘थंडी आहे,’ सर म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं.

आणि संपलं. ज्या जागेवर आमचं बोलणं आवरायचं नाही, तिथे आम्ही पाहुण्यासारखे उभे. ते म्हणाले, वेतनाचा फरक अजून जमा झाला नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही नाही. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मला करमत नाही, मला तुमच्याशिवाय दिवस जात नाही. आणि मी काय म्हटलं? ‘चहा आणलाय.’

ते दचकले. थर्मासकडे असे बघायला लागले, जसा काही तो कुणाला दिसेल. ‘बाई,’ म्हणाले, ‘इथे... कुणी बघितलं तर? आपण उभे का आहोत, असं विचारलं तर काय सांगायचं?’

‘कोण विचारतंय? बदकं?’

तेवढ्यात पाटाच्या भरावावरून हाक आली. मेंढरांचा कळप खाली उतरत होता आणि मागे झुंबर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. हा धनगर दर हिवाळ्याला इथल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येतो. आम्हाला येताजाता बघायचा, हात वर करायचा. त्याला नाव विचारण्यापुरतंच बोलले असेन मी कधी. तो लांबूनच ओरडला, ‘काय झालं, ताई? का थांबले?’

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, ‘पंक्चर. बाईंची सायकल पंक्चर आहे.’

आता झुंबर कसला ऐकतो! अशा रानात बाईमाणसाची सायकल पंक्चर झाली आणि तो नुसता जाईल? त्याने काठी खाली टाकली, माझी सायकल उचलून उलटी केली, चाक फिरवलं, अंगठ्याने टायर दाबलं. पुढचं दाबलं, मागचं दाबलं. ‘हवा तर टंच हाय की,’ म्हणाला. ‘पंक्चर कुठंय, मास्तर?’

सरांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. घड्याळ बघितलं त्यांनी. रविवारी, तळ्याच्या काठी, घड्याळ! ‘मी निघतो,’ म्हणाले.

‘आन् ताईंना एकटं टाकून?’ झुंबर म्हणाला.

‘मी आपला रस्त्याने चाललो होतो,’ सर म्हणाले. माझ्याकडे न बघता, त्या चाकाकडे बघत. ‘या बाई थांबलेल्या दिसल्या म्हणून थांबलो. तशी ओळख नाही आमची.’

आणि सायकलवर बसून गेले. पलीकडच्या थडीच्या वळणापर्यंत दिसत होते. मागे वळून बघितलं नाही. मी बघत होते म्हणून मला माहीत आहे.

ओळख नाही! मेला असता हा माणूस तर मी एवढी जळले नसते. दहा-अकरा वर्षं माझी सायकल पाण्यातून पार करून देणारा माणूस, आणि ओळख नाही. बरं, चिडून बोलले असते तर मी चिडले असते. ते घाबरून बोलले. माझी अब्रू जपायला बोलले असतील, स्वतःची जपायला असतील, मला काय करायचंय? निमित्त होतं तोवर माणूस होता. निमित्त गेलं आणि हरभऱ्याच्या रानात मी एकटी उभी, हातात गरम थर्मास घेऊन.

झुंबरने सायकल सरळ केली, स्टँडवर लावली. मग जरा घुटमळला. म्हणाला, ‘ताई, भांडण झालं का तुमचं?’

‘का रे बाबा?’

‘नाय, मास्तर असं बोलले म्हून. वळख नाय म्हनले. राग आल्यावर आमच्यातबी असंच बोलतात. मंडळीनं तिकडं तोंड केलं, तर मी इकडं, कोन हाय ही बाई म्हनायचं.’ तो हसला. ‘माझी बायको लय हळहळती तुमच्यासाठी. म्हनती, बघा वो, सरकारनं नवरा-बायकोला दोन गावाला टाकलं. बिचारे रोज वाटंवर थांबून संसार करतात.’

मेंढरं आमच्या भोवतीने फरशी उतरून पुढे चालली होती. कुत्रं परत येऊन त्याच्याकडे बघत होतं. मला वाटलं, आता सांगावं, नाही रे झुंबर, तसं काही नाही, ते सर आणि मी बाई. जन्मभर तेच तर सांगत आले होते.

‘हो,’ मी म्हटलं. ‘भांडण झालं.’

‘मिटंल,’ तो म्हणाला. काठी उचलली. ‘घरी जा, भाकर टाका. ताटावर बसले का मिटतं समदं.’

त्याला सगळा चहा पाजला. मग सायकलवर बसले आणि पाटापाटाने घरी आले. चूल पेटवली, भाकरी टाकल्या. अप्पा जेवून उठले, ओट्यावर जाऊन निजले. मी माझं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले, भाकरी गार होईपर्यंत.